कुसुमबाईंचं आजारपण

कुसुमबाई एक दिवसही आजारी पडल्याचं मला आठवत नाही. तरीही १९९३ च्या दिवाळीनंतर निम्मं पिंगळी गाव त्यांचं शेवटचं तोंड बघून गेलं होतं, आणि या सगळ्या गोंधळाचं मूळ आम्ही डॉक्टर मंडळी होतो.

मी तेव्हा औरंगाबादहून एम.डी. होऊन परभणीत दवाखाना टाकला होता. रोग हाताबाहेर गेला की आमच्याकडे एक ठरलेलं वाक्य असायचं, ‘आता घरी न्या.’ मी ते इतक्या वेळा म्हटलं की एके दिवशी मलाच प्रश्न पडला, घरी नेल्यावर पुढे काय होतं? पेशंट जेवतो का? झोपतो का? त्याच्याशी कोण काय बोलतं? दोन-चार सहकाऱ्यांना विचारलं तर ते माझ्याकडे मी कामातून गेल्यासारखे बघायला लागले. मला एखादी गोष्ट कळली नाही की चैन पडत नाही. हा गुण की खोड, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत.

मग कळलं की परभणीतच एक जण हेच शिकवतात. डॉक्टर दिनकरराव, मूळचे पोखर्णीचे. विलायतेत बरी न होणारी माणसं सांभाळण्याच्या इस्पितळात अर्धं आयुष्य काढून ते परत आले होते आणि भाड्याच्या एका बंगल्यात थोड्याशा खाटा टाकून बसले होते. डॉक्टर झालेल्यांनीच पुन्हा वर्षभर विद्यार्थी व्हायचं, असा तो अभ्यास. सर त्याला फेलोशिप म्हणत. गावानं त्याचं नाव मरणाची शाळा ठेवलं होतं. त्या शाळेत विद्यार्थी दोघंच, मी आणि गंगाखेडचे डॉक्टर बन्सीधर. बन्सीधर इतका मऊ माणूस की पेशंटला वाईट काही सांगायची वेळ आली की पेशंटच त्याला धीर द्यायचा.

औषधांचं मी झटकन शिकले. अफूपासून केलेलं औषध थेंबाथेंबानं कसं वाढवायचं, कोरडं पडलेलं तोंड कसं ओलं ठेवायचं, पाठीला जखम होऊ नये म्हणून माणसाला कधी कुशीवर वळवायचं. घोडं अडलं ते बोलण्यापाशी. सरांची रीत साधी होती. माणसाला काय ठाऊक आहे ते आधी विचारायचं, मग गप्प बसायचं, आणि तो विचारेल तेवढंच सांगायचं. यातलं मधलं मला जमेना.

‘‘तुमचे कान तुमच्या तोंडाच्या फार मागून चालतात, बाई,’’ सर म्हणायचे. मला राग यायचा, कारण ते खरं होतं.

या बोलण्याचा सराव करायला खोटा पेशंट लागायचा. बन्सीधर माझा पेशंट झाला की त्याला हसू फुटायचं. शेवटी सरांनी वैतागून स्वयंपाकघरातून कुसुमबाईंना हाक मारली.

कुसुमबाई पेशंटांसाठी आणि आमच्यासाठी भाकऱ्या थापायच्या. माहेर ताडकळस, सासर पिंगळी. नवरा रेल्वेत गँगमन होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती लेक नांदेडला दिलेली. घरात भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, दारात कण्हेर, आणि रोज सकाळी पिंगळीहून एस.टी.ची मोटार पकडून येणं. बोलायला खमक्या. मीठ कमी म्हटलं की ‘‘डॉक्टर लोकांनी कमीच खावं’’ म्हणून मोकळ्या व्हायच्या.

सरांनी सांगितलं, पोटात गाठ आहे असं समजा आणि पडून राहा. कुसुमबाईंनी हात पदराला पुसले, खाटेवर आडव्या झाल्या, आणि मी बघतच राहिले. बाई बदलल्याच. एक हात बरगडीखाली गेला. दुसऱ्या हाताच्या दोन बोटांत त्यांनी चादरीचं टोक धरलं आणि बाजारात कापड पारखावं तसं हलके हलके घासायला लागल्या. पाणी मागितलं, एक घोट घेतला, नको म्हणून भिंतीकडे तोंड वळवलं. बन्सीधरचे डोळे तिथंच भरले. त्यानं कसंबसं सांगितलं, की हे दुखणं बरं होण्यातलं नाही. कुसुमबाई भिंतीकडेच बघत म्हणाल्या, ‘‘माझ्या पोराला सांगू नका.’’

‘‘नाही सांगणार,’’ बन्सीधरनं लगेच कबूल करून टाकलं.

माझी पाळी आली तेव्हाही त्यांनी तेच वाक्य टाकलं. मी त्यांना मुलाचा हक्क, नंतरचा पश्चात्ताप वगैरे चांगलं ऐकवलं. कुसुमबाई उठल्या, केस नीट केले आणि सरांना विचारलं, ‘‘कुणाचं बरोबर निघालं?’’

‘‘अजून कुणाचंच नाही,’’ सर म्हणाले.

त्यांचा चेहरा उतरला. दर सरावाला हेच व्हायचं. त्या पडायच्या, चादरीचं टोक घासायच्या, पोराला सांगू नका म्हणायच्या, आणि आम्ही चुकलो की आमच्यापेक्षा त्याच जास्त खट्टू व्हायच्या. आमच्या पास-नापासाशी भाकरी करणाऱ्या बाईचा काय संबंध? आणि हा पोरगा आला कुठून? यांना तर लेक एकच. मी खोदून विचारलं तर म्हणाल्या, ‘‘आसंच. तुमचं काम करा, बाई.’’ माझ्या डोक्यात भुंगा लागला तो लागलाच.

तशात एक दिवस कस्तुराबाईंनी घोळ घातला. या कुसुमबाईंच्या शेजारीण. त्यांचा दीर आमच्याकडे दाखल होता, त्याला डबा घेऊन आल्या होत्या. आमचा सराव चालला होता त्या खोलीची खिडकी उघडी होती. बन्सीधरनं त्या दिवशी पहिल्यांदाच न रडता, स्पष्ट आवाजात वाक्य पूर्ण केलं, ‘‘कुसुमबाई, हा आजार आता बरा होणारा नाही.’’ सरावात खोटं नाव घ्यायचं असतं, पण शौर्याच्या भरात तो ते विसरला. कस्तुराबाई पुढचं ऐकायला थांबल्याच नाहीत. डबा ओसरीत टाकून, तोंडाला पदर लावून त्या तडक मोटार-स्टँडवर गेल्या.

आमच्याकडे माणूस जाण्याच्या वाटेवर आहे असं कळलं की त्याला भेटून घ्यायला सगळी भावकी, सगळा शेजार जातो. धरलेला अबोलाही तेवढ्यापुरता सोडतात. पेशंटसमोर मात्र कुणी आजाराचं नाव काढत नाही, कारण पेशंटला सांगायचं नसतं हे तान्ह्या लेकरालाही ठाऊक असतं. त्या संध्याकाळी कुसुमबाई घरी पोचल्या तर दारात चपलांचा ढीग.

दुसऱ्या दिवशी त्या पोट धरधरून हसत सांगत होत्या. ‘‘म्या म्हणलं, आगं मला काई झालं न्हाई, ते डॉक्टरचं नाटक हाय. तर कस्तुरा जास्तच रडायली. म्हणती, बघा, बिचारीला सांगितलंच न्हाई! जितकं म्या न्हाई म्हणायले तितक्या त्या बाया एकमेकीकडं बघून मुंड्या हालवायल्या. लय मोसंब्या आल्यात, बाई. उद्या घेऊन येते.’’

सर इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला. आम्ही पिंगळीला येऊन लोकांना सांगतो म्हटलं, तर त्या म्हणाल्या, असू द्या, चार दिवस भांडी दुसऱ्या बाया घासायल्यात.

दुसऱ्या दिवशी मात्र मोसंब्या आल्या नाहीत आणि कुसुमबाईही आल्या नाहीत. आठवडा झाला तरी पत्ता नाही. बन्सीधरच्या हातच्या खिचडीला पेशंटही कंटाळले तेव्हा सरांनी मला पिंगळीला पाठवलं.

बघते तर कुसुमबाई खरोखरच अंथरुणात. हात बरगडीखाली, बोटांत गोधडीचं टोक.  उशाशी पांढऱ्या केसांचा एक उंच माणूस मोसंबीची साल काढत बसला होता. त्याच्या बोटांत सायकलच्या साखळीचं काळं तेल मुरलेलं होतं.

‘‘ह्यो माझा भाऊ, नागनाथ,’’ कुसुमबाई खोल आवाजात म्हणाल्या. ‘‘ताडकळसला सायकलचं दुकान हाय. नागू, बाईला च्या टाक.’’

तो मागच्या बाजूला गेला तशी त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. आवाज एकदम नेहमीचा. ‘‘बाई, तुमच्या पाया पडते, काई बोलू नका. चौदा वर्सानं आलाय. म्या बरी हाय म्हणलं की त्यो उठून जाईल.’’

चहा उकळेपर्यंत त्यांनी मला सगळं सांगितलं. विद्यापीठाच्या नामांतराच्या मागणीसाठी एकोणऐंशीच्या थंडीत ताडकळसची पोरं सत्याग्रहाला गेली, त्यात नागनाथ. पकडले गेले आणि लांबच्या तुरुंगात पडले. त्याच वेळी त्यांची माय, लक्ष्मीबाई, पोटातल्या गाठीनं अंथरुणाला खिळली. डॉक्टरनं सांगितलं होतं, घरी न्या. कुसुमबाई सेवेला माहेरी येऊन राहिल्या. मायनं त्यांच्याकडून वचन घेतलं, नागूला कळवायचं नाही. कळलं तर तो माफी लिहून देईल, घरी येईल, आणि जन्मभर मान खाली घालून फिरेल. कुसुमबाईंनी वचन पाळलं. नागनाथ सुटून गळ्यात हार घालून गावात आला तेव्हा घरात माय नव्हती. त्यानं हार काढून दारातच ठेवला आणि विचारलं, ‘तू मला सांगितलं न्हाईस?’ त्यानंतर बहीण-भावात एक शब्द नव्हता.

त्या ‘पोराला सांगू नका’चा उलगडा मला तेव्हा झाला. एवढे दिवस बाई आमच्यासमोर आपल्या मायचं आजारपण पडून दाखवत होत्या. आणि दर वेळी विचारत होत्या, कुणाचं बरोबर निघालं. मला त्यांची इतकी दया आली, आणि त्याच वेळी इतका रागही, की परतीच्या मोटारीत मी तोंडातल्या तोंडात दोघा बहीण-भावांशी भांडत होते. चांगली धडधाकट बाई, आणि भावाला धरून ठेवायला मरायला टेकल्याचं सोंग!

‘‘मी उद्याच जाऊन त्याला सांगून टाकते,’’ मी सरांना म्हटलं.

‘‘बातमी कुणाची आहे?’’

‘‘कुसुमबाईंची.’’

‘‘मग त्यांनी म्हटल्याशिवाय तुम्ही तोंड उघडायचं नाही. आणि त्यांनी म्हटलं, तर आपल्या रीतीनंच सांगायचं. आधी विचारायचं, मग गप्प बसायचं.’’ सर खुर्चीत पुढे सरकले. ‘‘वाईट बातमीची रीत चांगल्या बातमीला चालते का, हे मी अजून कुठं बघितलेलं नाही. मलाही बघायचंय.’’

मी परत पिंगळीला गेले. भाऊ नळावर पाणी भरत होता. कुसुमबाईंना विचारलं, तुमच्या मनात काय आहे? त्यांनी गोधडीचं टोक सोडलं. मग म्हणाल्या, ‘‘झोपून झोपून पाठ मोडली, बाई. आन् त्यो माझं अंग चेपायलाय, मला लाज वाटती. तुमीच सांगा. माझ्यानं व्हत न्हाई.’’

निघताना नागनाथ मला सोडायला स्टेशनाकडच्या रस्त्यापर्यंत आला. लिंबाखाली थांबलो. माझ्या जिभेवर सगळं तयार होतं. मी ते गिळलं आणि विचारलं, ‘‘तुम्हाला काय वाटतं, त्यांना काय झालंय?’’

 उसानं भरलेली एक बैलगाडी आली आणि निघून गेली. मी दातांखाली जीभ धरून उभी होते. इतकं अवघड काम मी आयुष्यात केलेलं नाही.

‘‘काई झालेलं न्हाई तिला,’’ तो म्हणाला. ‘‘मला दुसऱ्याच दिवशी कळलं. म्या भाकर करपवली तर अंथरुणातून उठून आली, मला शिव्या हासडल्या, भाकर उलथली, आन् पुन्हा जाऊन झोपली. बिमार माणूस असं करतं का?’’

मग गेला का नाहीत, हे माझ्या ओठांवर आलं होतं. तेही गिळलं.

तो लिंबाच्या बुंध्याकडे बघत बोलत राहिला. ‘‘आमची माय लुगडं घ्यायला गेली की दुकानात पदर असा दोन बोटांत घासून बघायची. लय येळ. दुकानदार बेजार व्हायचा. आक्का गोधडी तशीच घासायली. आक्काची ती सवय न्हाई. घोटभर पाणी घेती, भिताडाकडं तोंड करती. पयल्यांदा बघितलं आन् माझ्या अंगावर काटा आला. म्या म्हणलं, माय अशीच पडली आसंल. म्या तर बघितलंच न्हाई ना, बाई. तुरुंगातून आलो, तवापासून डोळ्यांम्होरं आणायला बघायलो, येत नव्हतं. आता रोज बघायलोय.’’ त्यानं तोंडावरून हात फिरवला. ‘‘खोटं हाय म्हणलं की ती उठंल. मग काय दिसायचं ऱ्हायलं?’’

एकीला वाटतंय, मी उठले तर हा जाईल. दुसऱ्याला वाटतंय, मी बोललो तर ही उठेल. दोघंही सगळं जाणून होते आणि एकमेकांपासून लपवत होते. हेच तर आम्ही आमच्या खाटांवर रोज बघायचो, फक्त तिथं आजार खरा असायचा. मला एवढंच सुचलं की मी म्हटलं, ‘‘त्यांना जे आठवतंय ते तुम्ही विचारलंय का कधी?’’

 तो वळला आणि लांब ढांगा टाकत घराकडे निघाला. माझी मोटार येत होती. मी ती सोडली आणि त्याच्या मागे गेले. मला ऐकायचंच होतं, लपवत नाही.

‘‘आक्का, ऊठ,’’ तो दारातूनच म्हणाला. ‘‘भाकर थापायला येती तुला, ठाऊक हाय मला.’’

कुसुमबाई उठून बसल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काही सांगितलेलं नाही, अशी मी मान हलवली.

नागनाथ त्यांच्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसला. ‘‘मायचं सांग. शेवटी काय म्हणली?’’

‘‘तुला सांगू नको म्हणली व्हती. वचन घेतलं व्हतं.’’

‘‘ते ठाऊक हाय. शेवटी काय म्हणली?’’

कुसुमबाईंनी गोधडी बाजूला सारली. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते.

‘‘शेवटच्या दिशी सकाळी म्हणली, नागूला बोलव,’’ त्या म्हणाल्या. ‘‘म्या म्हणलं, माय, तूच तर नको म्हणलीस. म्हणली, आता बोलव. म्या पळत फाट्यावर गेले. मोटारीला हात केला. मग वाटलं, तुरुंग किती लांब, कुणाला विचारू, आन् घरी ती एकटी हाय. मोटार थांबायच्या आदीच माघारी फिरले. आले तर दाराकडं बघायली व्हती. मला बघून म्हणली, आला का? दुपारी गेली.’’ त्यांनी पदरात तोंड घातलं. ‘‘कोणत्या तोंडानं सांगू तुला?’’

नागनाथनं जमिनीवर हात टेकले. मला वाटलं, आता उठेल आणि जाईल, आणि हे सगळं माझ्या एका प्रश्नानं झालं.

‘‘बोलवलं व्हतं तिनं मला,’’ तो म्हणाला.

‘‘व्हय.’’

‘‘मला वाटायचं, तिला म्या नकोच व्हतो. चळवळीत गेलो, म्हणून राग धरून गेली.’’ आणि तो पांढऱ्या केसांचा माणूस मोठ्यानं रडायला लागला. ‘‘बोलवलं व्हतं, आक्का, तिनं मला बोलवलं व्हतं.’’

कुसुमबाईंनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं. मी बाहेर कण्हेरीपाशी येऊन उभी राहिले. मलाही रडू येत होतं आणि ते मी आवरलं नाही.

कुसुमबाई कामावर परत आल्या. पिंगळीत मात्र कुणी मानायला तयार नव्हतं की त्या आजारीच नव्हत्या. मरणाच्या शाळेनं बाईला वाचवलं, असाच बोलबाला झाला, आणि कस्तुराबाईंनी दूरदूरचे पेशंट आमच्याकडे धाडायला सुरुवात केली. आम्ही त्यांना समजावता समजावता थकलो.

जानेवारीत नामांतराचा निकाल एकदाचा लागला. नागनाथ पेढ्यांचा पुडा घेऊन शाळेत आला, प्रत्येक खाटेपाशी थांबून ज्याला चालेल त्याच्या तोंडात पेढ्याचा कण ठेवला आणि ओसरीत बहिणीच्या हातची भाकरी खात बसला. एव्हाना तो बाजाराचा दिवस टाळून दर आठवड्याला यायला लागला होता.

त्याच दुपारी माझा सराव होता. कुसुमबाई खाटेवर पडल्या. हात बरगडीखाली, चादरीचं टोक बोटांत. मी विचारलं, थांबले, सांगितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड वळवलं. आता नेहमीचं वाक्य येणार म्हणून मी तयारीत होते, कारण या वेळी मी त्यावर वाद घालणार नव्हते, फक्त विचारणार होते की पोराला का सांगायचं नाही.

ओसरीतून ताटलीचा आवाज आला. कुसुमबाईंनी चादर सोडली आणि दाराकडे बघितलं.

‘‘माझ्या पोराला बोलवा, बाई,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आताच बोलवा.’’

 सर तिथंच बसले होते. कुसुमबाई उठल्या, केस नीट केले आणि भावाला आणखी भाकर हवी का ते बघायला बाहेर गेल्या. कुणाचं बरोबर निघालं, हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही.